क्ष-किरणांची साक्ष

दुखण्याला नांव मिळालें म्हणजे रोग्याच्या जिवाला निम्मा आराम वाटतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. "कांहीं तरी होत आहे" या अंधारापेक्षां "अमुक झालें आहे" हें कळणें केव्हांही बरें. परंतु कांहीं रोगांचीं नांवें अशीं आहेत कीं, तीं उच्चारतांच दुखण्यांत लाजेची भर पडते. गाऊट हें त्यांपैकीं एक. मद्य, मांस आणि मिजास या तिघांशीं या रोगाचें नांव युरोपांत शतकानुशतकें जखडलेलें आहे. त्यामुळें शाकाहारी आणि निर्व्यसनी म्हणविणाऱ्या घरांत तें नांव आलें म्हणजे लोक रोग्याच्या पायाकडे पाहण्याऐवजीं त्याच्या तोंडाकडे पाहूं लागतात. आमच्या घरीं नेमकें हेंच घडलें, आणि त्या प्रकरणाचा उलगडा कोणाच्या शपथेनें न होतां कांहीं चित्रांनीं केला. तीं चित्रें कशीं वाचावयाचीं हें एका जाणत्या क्ष-किरणतज्ज्ञांनीं मला समजावून सांगितलें. मी वैद्य नव्हें; जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें. पण न वाचतां येणारी लिपि कोणी उलगडून दाखविली म्हणजे शिक्षकाला जो आनंद होतो, त्यांत वाचकांस सहभागी करून घ्यावें, एवढ्याच हेतूनें हें लिहीत आहें.

आमचे धाकटे बंधु बापू २०१७ सालीं चोपन्न वर्षांचे होते. पौषांतील एका रात्रीं दोनच्या सुमारास उजव्या पायाच्या आंगठ्याच्या मुळाशीं अशी कळ आली कीं, ते अंथरुणांतच उठून बसले. सकाळपर्यंत आंगठा लालभडक होऊन सुजला. पांघरुणाच्या टोंकाचा स्पर्शही सोसेना. आमचे नेहमींचे डॉक्टर पाहतांक्षणींच "गाऊट दिसतो" असें म्हणाले. पांच-सात दिवसांत सूज ओसरली, पण शब्द मात्र घरांत राहिला. शेजारच्या एका शहाण्या गृहस्थांनीं "हा तर राजेलोकांचा रोग, दारू आणि मटण यांचा" असें सर्टिफिकेट देऊन टाकलें. आमच्या थोरल्या काकू तेव्हां ब्याऐशीं वर्षांच्या होत्या. त्यांनीं बापूंना जवळ बसवून हलक्या आवाजांत विचारलें, "बापू, खरें सांग हो. कचेरींत हल्लीं पार्ट्या होतात म्हणतात. तुझ्या हातून कांहीं बाहेरचें खाणेंपिणें तर होत नाहीं ना रे?" बापूंनीं "नाहीं, काकू" एवढेंच उत्तर दिलें. प्रश्न विचारणारीचें वय आणि माया पाहतां रागावणेंही शक्य नव्हतें.

परंतु प्रश्न एकदां विचारला गेला म्हणजे तो घरांतून हिंडूं लागतो. बापूंच्या कुटुंबाच्या मनांतही नकळत कांटा शिरला. त्यांत मुलीसाठीं स्थळें पाहणें चाललें होतें. बाहेर बोलवा झाला तर काय, ही धास्ती वेगळीच. त्यांतून दोन तपासण्यांनीं गोंधळ वाढविला. ऐन दुखण्यांत काढलेल्या रक्तांत युरिक आम्लाचें प्रमाण ६.१ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेंतच निघालें. आणि पायाच्या क्ष-किरण फोटोंत मऊ भागाच्या सुजेखेरीज कांहीं दिसलें नाहीं. आतां लोकांस दुहेरी संशय घेतां येऊं लागला. कोणी म्हणे, रोग व्यसनाचा आहे. कोणी म्हणे, रोगच नाहीं, नुसतें सोंग आहे. एकाच माणसावर हे दोन्ही आरोप एका वेळीं संभवत नाहींत, हें तर्कशास्त्र घरांतल्या कुजबुजीला कोण शिकविणार? दोन वर्षांत आणखी दोन वेळां तसाच प्रसंग आला, तेव्हां डॉक्टरांनीं बापूंना सांध्यांच्या विकारांतील विशेष जाणकारांकडे पाठविलें, आणि सोबतीस म्हणून मी गेलों.

येथें क्ष-किरण म्हणजे काय याची थोडी उजळणी केली पाहिजे. जर्मनींतील वुर्झबुर्ग येथें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं राँटगेन या शास्त्रज्ञास हे किरण प्रथम आढळले, आणि त्याच वर्षींच्या २२ डिसेंबरला त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्या चित्रांत हाताचीं हाडें आणि बोटांतील आंगठी स्पष्ट दिसतात. मांस मात्र धुक्यासारखें. १९०१ सालचें पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्याला याच शोधाबद्दल मिळालें. या चित्राचें सारें मर्म त्या धुक्यांत आहे. क्ष-किरण अडवितो तो मुख्यतः चुना, म्हणजे कॅल्शियम. जेथें चुना दाट तेथें चित्र पांढरें. जेथें तो नाहीं तेथून किरण पार निघून जातात. गाऊटचे स्फटिक युरिक आम्लाच्या सोडियम क्षाराचे असतात. त्यांत चुना नसतो. म्हणून ते सांध्यांत साचूं लागले तरी प्रथम कित्येक वर्षें साध्या क्ष-किरणास ते जवळजवळ अदृश्य असतात. "फोटो स्वच्छ आहे" याचा अर्थ "रोग नाहीं" असा नसून "या किरणास दिसेल असें अद्याप कांहीं झालेलें नाहीं" एवढाच आहे. व्याकरणांत एखादा वर्ण लुप्त झाला म्हणून तो मुळांतच नव्हता असें आपण म्हणत नाहीं, तसेंच हें.

रक्ताच्या आंकड्याचेंही तसेंच. दर १०० मिलिलिटर रक्तांत युरेटचें प्रमाण सुमारें ६.८ मिलिग्रॅमच्या पुढें गेलें म्हणजे तें विरघळलेल्या स्थितींत राहणें कठीण होतें आणि स्फटिक बनूं शकतात. पण ऐन दुखण्याच्या भरांत हा आंकडा पुष्कळ रोग्यांत तात्पुरता खालीं येतो. म्हणून दुखणें शमल्यावर कांहीं आठवड्यांनीं रक्त पुन्हां पाहणें इष्ट. बापूंचें तसें पाहतांच आंकडा ८.९ निघाला.

त्यानंतर आंगठ्याची सोनोग्राफी झाली. पडद्यावर हाड म्हणजे एक लख्ख पांढरी रेघ दिसते. त्या हाडावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो काळा दिसतो. निरोगी सांध्यांत एकच ठळक रेघ आणि तिच्यावर काळी पट्टी. बापूंच्या आंगठ्यांत मात्र त्या काळ्या पट्टीच्या वरच्या कडेला, हाडाच्या रेघेला समांतर अशी दुसरी पांढरी रेघ होती. कूर्चेच्या पृष्ठभागावर युरेटचे स्फटिक दंवासारखे बसतात, त्यांची ती रेघ. डॉक्टर इंग्रजी नांव सांगत होते. मला तर लहान मुलांची दुरेघी वही आठवली. मीं तसें म्हणतांच ते हंसून म्हणाले, "गुरुजी, तुमचा शब्द आमच्यापेक्षां बरा आहे."

इतक्यावर भागलें असतें. पण सूज नसतांना सांध्यांतील पाणी काढणें अवघड, आणि रोग कोठवर पसरला हें पाहणें अगत्याचें होतें. म्हणून पुण्यास दोन शक्तींचा सीटी स्कॅन करविला. या यंत्राची युक्ति मोठी सुरेख आहे. एकच भाग क्ष-किरणांच्या दोन निरनिराळ्या शक्तींनीं, बहुधा ८० आणि १४० किलोव्होल्टनें, पाहिला जातो. चुना आणि युरेट या दोन शक्तींना निरनिराळें उत्तर देतात. त्या उत्तरांतील फरक मोजून यंत्र युरेटला एक रंग देतें आणि चुन्याला दुसरा. बापूंच्या चित्रांत आंगठ्याच्या सांध्यापाशीं तर हिरवे ठिपके होतेच, शिवाय टांचेच्या मागील शिरेंतही, जेथें त्यांना कधीं दुखलें नव्हतें, तेथेंही होते. तरी डॉक्टरांनीं बजावलें कीं, यंत्रालाही डोळे मिटून मान डोलवूं नये. नखांच्या मुळाशीं आणि टांचेच्या जाड कातडींत तें कधीं कधीं खोटा हिरवा रंग दाखवितें. उलट रोग अगदीं नवा असेल आणि सांचा अल्प असेल, तर खरे स्फटिकही त्याला दिसत नाहींत. २०१५ सालीं अमेरिका व युरोप येथील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं गाऊट ओळखण्याचे जे संयुक्त निकष ठरविले, त्यांत सोनोग्राफीची दुरेघ, हा दोन शक्तींचा सीटी स्कॅन आणि साध्या फोटोंतील हाडाची झीज या तिन्हींना स्थान दिलें आहे.

हाडाची झीज म्हणजे काय, हें मीं विचारलें. तेव्हां डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घरीं वडीलधाऱ्यांपैकीं कोणाचे जुने फोटो असतील तर आणा. आनुवंशिक अंग पाहतां येईल." आमच्याकडे कागद फेंकण्याची चाल नाहीं. माळ्यावरील ट्रंकेंत आमच्या तीर्थरूपांच्या पायाची १९८३ सालची एक फिल्म तपकिरी पाकिटांत सांपडली. तीर्थरूप १९९१ सालीं वारले. त्यांच्या हयातींत त्यांच्या दुखण्यास सारे "वात" म्हणत. आंगठे वांकडे झालेले, कोपरांवर गांठी, कानाच्या पाळीवर बोराच्या बीएवढा टणक खडा. अखेरच्या वर्षांत मूत्रपिंडेंही थकलीं. ते किती काटेकोर सोवळ्याचे होते हें गांवास ठाऊक होतें. चहासुद्धां त्यांनीं उतारवयांत, तोही औषध म्हणून घेतला. मद्याचें नांव त्यांच्यापुढें कोणी काढलें नसतें.

डॉक्टरांनीं ती फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावली आणि कांहीं क्षण बोललेच नाहींत. मग पेन्सिलीच्या टोंकानें दाखवूं लागले. आंगठ्याच्या मुळाशीं, सांध्यापासून किंचित् दूर, हाडाला जणूं कोणी पंच मारून वाटोळा घांस काढला होता. त्या खांचेची कडा भुसभुशीत नव्हती. तिला बारीक पांढरी किनार होती, म्हणजे ही झीज सावकाश, वर्षानुवर्षें होत गेली होती. आणि खांचेच्या तोंडावर हाडाचा एक पातळ ओंठ पुढें झुकलेला होता, वळचणीसारखा. दोन हाडांमधील फट मात्र बरीच शाबूत होती, आणि आसपासचें हाड विरळ झालेलें नव्हतें. आमवातांत याच्या उलट होतें. तेथें फट लवकर अरुंद होते, सांध्याजवळचें हाड फिकें पडतें, आणि झिजेला अशी किनार नसते. ते म्हणाले, "सांध्यांतील पाणी पाहिल्यावांचून मी शपथ घेणार नाहीं, पण हें लक्षण, कानावरचा खडा आणि मूत्रपिंडांचा इतिहास एकत्र पाहतां दुसरें कांहीं असण्याचा संभव थोडा." या झिजेला त्यांच्या शास्त्रांत उंदरानें कुरतडल्याची उपमा देतात, असेंही त्यांनीं सांगितलें.

तें ऐकून मी चमकलों. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत वातरक्ताचें वर्णन आहे. तो रोग पायांच्या मुळाशीं, क्वचित् हातांशीं ठाण मांडून उंदराच्या विषाप्रमाणें सर्व देहांत पसरतो, असें तेथें म्हटलें आहे. चरकानें चिकित्सास्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायांत याच रोगाचा स्वतंत्र विचार केला असून त्याचें एक नांव आढ्यवात असें दिलें आहे. आढ्य म्हणजे धनवान्. म्हणजे श्रीमंतीचा शिक्का आपल्याकडेही होताच! ग्रीकांनीं या रोगाला पोडाग्रा म्हटलें. त्यांतील पहिलें पद आणि आपला पाद हे एकाच कुळांतले, दुसऱ्याचा अर्थ पकड. वातरक्त आणि गाऊट हे तंतोतंत एक आहेत असें म्हणणें धाडसाचें होईल, कारण प्राचीनांचीं लक्षणें अधिक व्यापक आहेत. पण आंगठ्याची पकड दोघांनींही ओळखली, हें निर्विवाद.

त्या दिवशीं संध्याकाळीं बापूंनीं दोन्ही चित्रें काकूंच्या पुढें ठेवलीं. एक स्वतःचें, एक वडिलांचें. डॉक्टरांनीं समजाविलेलें मीं सांगितलें. मनुष्याच्या शरीरांत युरिक आम्ल रोज तयार होतें. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्याचें पुढें विघटन करणारें एक द्रव्य असतें. मनुष्य आणि वानरकुळांतील त्याचे जवळचे आप्त तें गमावून बसले आहेत. मग तें आम्ल बाहेर टाकण्याचें काम मुख्यतः मूत्रपिंडांवर पडतें, आणि गाऊटच्या बहुतेक रोग्यांत दोष तेथेंच असतो: आवक फार नसते, जावक कमी पडते. ही मंदगति पुष्कळदां आनुवंशिक असते. त्यांत बापूंना रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी चालू होती. तीही युरेट अडवून धरते. मद्य, विशेषतः बीअर, मांस, मासळी आणि गोड पेयें यांनीं रोग वाढतो, हें खरें. पण त्यांच्यावांचूनही तो होतो, हेंही तितकेंच खरें. काकूंनीं ती जुनी फिल्म दोन्ही हातांनीं धरून दिव्यापुढें पाहिली. "म्हणजे भावोजींना हेंच होतें होय? आणि आम्ही त्यांना तेल चोळून घ्या म्हणत होतों," एवढेंच त्या बोलल्या. रात्रीं जेवतांना त्यांनीं स्वतः उठून बापूंच्या पानांत आमटी वाढली. डाळी वर्ज्य करण्याचें कारण नाहीं, हें मीं मघाशींच सांगितलें होतें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या अभ्यासांत मांस आणि मासळी यांनीं धोका वाढतो, डाळीं-भाज्यांनीं वाढत नाहीं आणि दूधदुभत्यानें तो उलट कमी होतो, असें आढळलें आहे.

येथें गोष्ट संपली असती तर तिच्यापासून निघणारा बोध अर्धवट राहिला असता. कारण लाज गेली तिच्या जागीं आमच्या घरांत एक नवी घमेंड आली. जो तो स्फटिकांचा पंडित झाला. २०२२ सालीं आमच्या थोरल्या वहिनींची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. वय चौऱ्याहत्तर. तिसऱ्या दिवशीं उजवा गुडघा एकाएकीं फुगला, तापला, आणि अंगांतही ज्वर आला. घरांतील तरुण मंडळींचा निकाल तयार होता: "बापूकाकांचाच रोग, त्यांच्याच गोळ्या द्या." फोटो काढला, तेव्हां एक पांढरी रेघही दिसली. मग तर शंकाच उरली नाहीं!

परंतु ती रेघ निराळी होती. गाऊटचे स्फटिक साध्या फोटोंत दिसत नाहींत, हें वर आलेंच आहे. हे दिसत होते, म्हणजे त्यांत चुना होता. हा कॅल्शियम पायरोफॉस्फेट नांवाचा क्षार. गुडघ्यांत मांडीचें हाड आणि नळीचें हाड यांच्यामध्यें जी रिकामी भासणारी फट असते, ती खरोखर रिकामी नसून कूर्चेनें भरलेली असते. त्या फटींत, हाडांना न चिकटतां, खडूनें हलक्या हातानें ओढल्यासारखी बारीक रेघ असेल, तर ती या क्षाराची. गुडघ्याखेरीज मनगटाच्या करंगळीकडील बाजूस आणि ओटीपोटाच्या पुढील सांध्यांत ती शोधावी, असा त्यांचा पाठ आहे. सोनोग्राफींत हा भेद फार स्पष्ट दिसतो. युरेट कूर्चेच्या वर बसतें. पायरोफॉस्फेट कूर्चेच्या पोटांत. माझ्या जुन्या धंद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर एक अक्षराच्या माथ्यावरील शिरोरेघ आहे, आणि दुसरी पोटफोड्या ष मधील आडवी रेघ. दोन्ही रेघाच, पण जागा चुकली कीं अक्षर बदललें.

या दुसऱ्या विकाराला स्वतंत्र ओळख फार उशिरां मिळाली. गाऊटच्या खड्यांतील सुईसारखे कण लेवेनहुकनें १६७९ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. वोलास्टननें १७९७ सालीं ते युरिक आम्लाचे आहेत हें दाखविलें. गॅरडनें १८४८ सालीं गाऊटच्या रोग्यांच्या रक्तांतच तें आम्ल सांपडवून दिलें. पण सांध्यांतील पाणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून स्फटिक ओळखण्याची रीत मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनीं १९६१ सालीं घालून दिली, आणि लागलीच १९६२ सालीं मॅकार्टी व त्यांच्या सहकाऱ्यांना हे दुसरे स्फटिक आढळले. गाऊटसारखें दुखणें, पण गाऊट नव्हे, म्हणून त्यास मिथ्या-गाऊट अशा अर्थाचें नांव पडलें. साठीच्या आंत तो विरळा. शस्त्रक्रियेनंतर किंवा मोठ्या आजारानंतर एकाएकीं उसळणें ही त्याची खोड.

तथापि आमच्या डॉक्टरांनीं फोटोंतील ती रेघ पाहूनही निकाल दिला नाहीं. ते म्हणाले, "या वयाच्या पुष्कळ माणसांच्या गुडघ्यांत अशी रेघ असते आणि त्यांना कांहीं त्रास नसतो. रेघ आहे, एवढें चित्र सांगतें. आजचा ताप या रेघेचाच आहे, हें चित्र सांगत नाहीं. आंत पू झाला असेल तर दोन दिवसांत सांधा नासेल आणि जिवावर बेतेल." त्यांनीं तत्काळ सुईनें गुडघ्यांतील पाणी काढलें. अर्धें सूक्ष्मदर्शकाकडे गेलें, अर्धें जंतूंच्या वाढीसाठीं ठेवलें. युरेट असतें तर लांब सुया दिसल्या असत्या, विशिष्ट प्रकाशांत ठराविक दिशेला पिवळ्या. येथें आंखूड, चौकोनी तुकडे होते, आणि त्याच दिशेला फिकट निळे. जंतु निघाले नाहींत, तेव्हां सर्वांचा जीव खालीं पडला. डॉक्टरांनीं पुढें रक्तांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह हीं तपासलीं, कारण गळ्यांतील एका ग्रंथीचे आणि लोहसंचयाचे विकार कधीं कधीं या स्फटिकांच्या मागें दडलेले असतात. युरेट कमी करणारी बापूंची रोजची गोळी या रोगांत निरुपयोगी ठरली असती. त्याहून वाईट म्हणजे तिच्या भरंवशावर बसून पाणी काढण्यास उशीर झाला असता, आणि पू असता तर वहिनींचा पाय, कदाचित् प्राणही गमावला असता.

स्फटिकांचा तिसराही एक प्रकार आहे, तो हाडांतील चुन्याशीं सजातीय अशा क्षाराचा. तो बहुधा खांद्याच्या स्नायुबंधांत साचतो आणि फोटोंत हाडाच्या वर, सांध्याबाहेर, ढगाच्या लहान पुंजक्यासारखा दिसतो. तिशी ते साठीच्या दरम्यान, बायकांत थोडा अधिक. याची गंमत अशी कीं, खांदा असह्य दुखूं लागतो तो पुष्कळदां हा पुंजका विरघळूं लागला म्हणजे. आणि पुढच्या वर्षींच्या फोटोंत तो कित्येकदां आपोआप नाहींसा झालेला असतो. रेघ माथ्यावर, रेघ पोटांत, ढग बाहेर: एवढी तीन जागांची खूण ज्यानें मनांत धरली, त्याला डॉक्टर काय पाहत आहेत याचा पुष्कळसा अंदाज येईल.

हें ज्ञान घरांत कोणत्या कामीं आणावें? स्वतः निदान करण्याच्या कामीं खचित नाहीं. एकच सांधा अचानक लाल होऊन सुजला आणि अंगांत ताप असला, तर घरगुती पांडित्य बाजूस ठेवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनानें महिनोन् महिने घेऊं नयेत. वृद्धांचीं मूत्रपिंडें त्यांनीं आणखी थकतात. रक्तदाबाची गोळी युरेट वाढविते असें ऐकून ती परस्पर बंद करणें हेंही तितकेंच घातक. डॉक्टर ती बदलूं शकतात, आपण सोडूं नये. आणि गाऊटचें दुखणें गेलें म्हणजे रोग गेला असें समजूं नये. रक्तांतील युरेट ६ मिलिग्रॅमच्या खालीं कायम ठेवलें, तर साचलेले स्फटिक वर्षांनुवर्षें हळूहळू विरघळतात. बापूंनीं हें पथ्य नेमानें पाळलें. २०२३ सालच्या चित्रांत टांचेंतील हिरवे ठिपके जवळजवळ मावळले होते, आणि गेल्या चार वर्षांत आंगठा एकदांही सुजलेला नाहीं. मुलीचें लग्नही यथासांग पार पडलें. व्याह्यांना रोगाचें नांव आम्हींच आपण होऊन सांगितलें, आणि त्यांनीं स्वतःच्या मातुःश्रींचा खांदा पुढें केला!

तीर्थरूपांना हें समाधान लाभलें नाहीं. युरेट कमी करणारें औषध त्यांच्या काळीं जगांत उपलब्ध होतें. त्यांच्या पायाची ती फिल्मही निघाली होती. जो रोग शास्त्राला ठाऊक होता तो त्यांच्या बाबतींत कोणीं नांवानें पुकारला नाहीं, कारण अशा सोवळ्या माणसाला असला रोग होईल हें कोणाच्या मनांतच आलें नसावें. संशयानें बापूंना दोन वर्षें छळलें. आदरानें तीर्थरूपांना त्याहून अधिक छळलें असें मला वाटतें. रोगाची परीक्षा करतांना माणसाच्या आचरणाचा पुरावा कोणत्याच बाजूनें पुढें करूं नये, हें मी यांतून शिकलों.

वाचकांस एकच विनंति. पुष्कळ घरांतून वडीलधाऱ्यांच्या जुन्या फिल्मा माळ्यावर धूळ खात पडलेल्या असतील. हल्लींच्या तपासण्यांचीं चित्रें मुलांच्या मोबाईलमध्यें कोठें तरी हरवलेलीं असतील. तीं एकत्र करावीं. प्रत्येकावर नांव, वय, वर्ष, उजवा कीं डावा, आणि तेव्हां काय दुखत होतें, इतकें स्वच्छ अक्षरांत लिहावें. आमच्या ट्रंकेंतील सर्व पाकिटांवर मीं तसें लिहून ठेविलें आहे. बापूंचीं मुलें आज तिशीच्या आंत आहेत. त्यांना कधीं लागलींच, तर हीं पाकिटें हाताशीं असावींत.